गर्दीत हरवलेला एक मेसेज

गेल्या श्रावणातली गोष्ट. चिंचनाक्यावर भाजी घ्यायला गेले होते. मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते, तेवढ्यात मागून हाक आली, "ताई, ओळखलंत का?"

खरं सांगायचं तर नाही ओळखलं. पंचविशीतली मुलगी, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. मी आपलं ओळख असल्यासारखं हसले. पण बायकांना हे हसू बरोबर कळतं! ती म्हणाली, "मी तुमच्या ग्रुपवर आहे. मागच्या महिन्यात रात्री मेसेज टाकला होता. बाळाला ताप चढला होता, हे पुण्याला गेलेले, पावसात रिक्षा मिळेना. कुणी जवळपास राहतं का, म्हणून विचारलं होतं."

"मग गं?"

"मग काय, घेतलं पांघरुणात गुंडाळून आणि गेले चालत. आता बरं आहे बाळ."

ती रागावून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी साधेपणाने सांगत होती, जणू काही उत्तर येईल अशी तिने फारशी अपेक्षाच केली नव्हती. बाळाच्या गालाला हात लावून मी निघाले. मेथी घ्यायची राहिलीच.

घरी येऊन मोबाइल घेऊन बसले आणि ग्रुप मागे मागे सरकवत गेले. सापडला. रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी टाकलेला दोन ओळींचा मेसेज. त्याच्या वर साड्यांच्या सेलची सहा चित्रं. खाली पारिजातकाची फुलं घातलेलं 'शुभ रात्री'. मग गरम पाण्यात लिंबू पिळून प्यायल्याने कोणकोणते रोग पळतात त्याची यादी. आणि मग आमच्यातल्या एकीच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस बाराच्या आधीच कुणीतरी सुरू करून दिला होता, त्याच्या शुभेच्छा. सकाळपर्यंतचे मेसेज मी मोजले. चौऱ्याण्णव. त्यातलं एकही त्या मुलीला उत्तर नव्हतं. दहा बावन्नला टाकलेली एक शुभेच्छा मात्र माझी होती. म्हणजे तिच्या मेसेजनंतर बारा मिनिटांनी मी तिथे होते, जागी होते, गुलाबाचं चित्र शोधत होते. आणि मैत्रिणींनो, या ग्रुपची अ‍ॅडमिन मीच आहे.

आमचा हा ग्रुप २०१६ च्या दिवाळीनंतर सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, आणि तोवर मुलांच्या प्रोजेक्टसाठी कॅफेत जाऊन करायची जी गोष्ट होती ती एकदम आमच्या पदराला बांधली गेली. आमची चौदाजणींची भिशी होती, तिचाच ग्रुप झाला. मग कुणाची जाऊ, कुणाची विहीण, कुणाची शेजारीण असं करत करत चौतीसजणी झालो. काय बोलायचो तिथे? सिलिंडर संपलाय, कुणाकडे जास्तीचा आहे का. आगळ कुणाकडे चांगलं मिळतं. भांडीवाली दोन दिवस आली नाही, कुणाकडे गेलीय का. अशी सगळी ओट्याजवळची बोलणी. पण मधूनच एखाद्या दुपारी कुणीतरी लिहायचं की डॉक्टरांनी गर्भाशय काढायला सांगितलंय, भीती वाटते. किंवा पाळी जायच्या वयात रात्र रात्र झोप येत नाही, कुणाला कारण नसताना रडू येतं का गं? आणि मग ज्या बाईने भिशीत वीस वर्षांत स्वतःबद्दल चकार शब्द काढला नव्हता, ती लिहायची, "हो, मला येतं." समोरासमोर बसून जे बोलता आलं नाही ते टाइप करून बोलता आलं. मला तर हा चमत्कारच वाटायचा.

मग २०२१ च्या जुलैची २२ तारीख आली. वाशिष्ठीचं पाणी पहाटेच गावात शिरलं. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही बघितलेला होता, त्यामुळे जुनी माणसं 'त्या वेळच्या खुणेपर्यंत येईल' असं म्हणत होती. ते खूण ओलांडून वर गेलं. ग्रुपवर एकेकीचे मेसेज येत होते. पायरीला लागलं. उंबऱ्याला लागलं. फ्रिज तरंगतोय. आम्ही सासूबाईंना घेऊन माळ्यावर. मग वीज गेली, नेटवर्क गेलं आणि सगळं गप्प झालं. आमच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही नऊ माणसं एक दिवस आणि एक रात्र बसून होतो. पाणी ओसरून नेटवर्क आलं तेव्हा अडकून पडलेले मेसेज एकदम धडाधड आले, आणि कोण कुठे आहे, कोण सुखरूप आहे ते आम्हाला चौतीसजणींचं कळलं. तेव्हा मी रडले होते.

त्यानंतरचे पंधरा दिवस त्या ग्रुपने जे काम केलं ते मी विसरणार नाही. कुठे पाण्याचा टँकर आलाय, कुठल्या शाळेत जेवण मिळतंय, पंचनाम्याला तलाठी कुठल्या आळीत पोचलेत, चिखल काढायला फावडी कुणाकडे आहेत. ही माहिती सगळ्यांनाच हवी होती. म्हणून 'हिला घ्या', 'तिला घ्या' असं सुरू झालं. पेठमापातल्या, गोवळकोटातल्या, खेर्डीच्या बायका आल्या. मुंबई-पुण्याहून मदत पाठवणाऱ्या आल्या. त्या वेळी एका ग्रुपमध्ये २५६ माणसं बसत. आमची संख्या महिन्याभरात दोनशेच्या वर गेली. एकीलाही मी नाही म्हटलं नाही. म्हणायचं कसं?

पूर ओसरला, पण माणसं राहिली. आणि हळूहळू ग्रुपची चाल बदलली. हे एका दिवसात होत नाही हो. दूध नासतं तेव्हा कसं, वरून साय तशीच दिसते, ढवळलं की कळतं. आधी पहाटेची सुविचारांची रांग सुरू झाली. मग साड्या, मसाले, अगरबत्त्या, विमा पॉलिसी. मग निवडणुका आल्या, मग ज्या बाईशी आपण डब्यातलं लोणचं वाटून घेतलं तिचे भलतेच कडवे विचार कळले आणि दोघीजणी बोलेनाशा झाल्या. हे सगळं एक वेळ ठीक म्हणू. चार भांडी एकत्र आली की आवाज होणारच. पण २०२२ मध्ये एक गोष्ट घडली ती ठीक नव्हती. एका नव्या सुनेने दुपारी लिहिलं की मूल होत नाही म्हणून तपासण्या चालू आहेत, घरी अजून सांगितलेलं नाही, कुणाला अनुभव असेल तर सांगा. संध्याकाळी पाचला तिच्या मेसेजचा फोटो तिच्या सासूबाईंच्या फोनवर होता. कुणी पाठवला ते आजतागायत कळलेलं नाही. दोनशेंत कुठे शोधणार! ती मुलगी त्याच रात्री ग्रुपमधून बाहेर पडली. 'अमुक नंबरने ग्रुप सोडला' अशी ती करड्या रंगाची बारीक ओळ आली, आणि तिच्या खाली लगेच कुणाचं तरी 'जेवण झालं का सगळ्यांचं?'

त्या दिवसापासून आमच्या ग्रुपवर गर्भाशय, पाळी, रडू यातलं काहीही कुणी लिहिलेलं नाही. कुणी बंदी घातली नव्हती. विषय आपोआप निघून गेले. आणि त्यांच्यामागून जुन्या बायकाही. ग्रुप सोडल्या नाहीत, तेव्हा सोडलं तर सगळ्यांना दिसायचं ना! नुसत्या गप्प झाल्या. आमच्या मूळ चौदातल्या पाचजणींनी वेगळा ग्रुप काढला. त्यात मलाही घेतलं आणि बजावलं, "बाहेर बोलू नकोस."

माझ्या थोरल्या नणंदबाई अमेरिकेत असतात. आम्ही त्यांना वन्सं म्हणतो. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. त्या बाळाच्या तापाचं मी त्यांना सांगितलं तेव्हा माझा आवाज जरा चढलाच होता. 'मोबाइलने माणसं बिघडवली' असं काहीतरी म्हणाले मी. वन्सं म्हणाल्या, "अगं, मोबाइल नव्हते तेव्हाही हेच झालं. तिकडच्या लोकांनी तर त्याला नावसुद्धा ठेवलंय, न संपणारा सप्टेंबर."

ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून 'यूजनेट' नावाची व्यवस्था सुरू झाली. वेगवेगळ्या ठिकाणचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून विषयवार चर्चा करायची. फोटो नाहीत, चित्रं नाहीत, नुसता मजकूर. बहुतेक मंडळी विद्यापीठांतली. तिथे दरवर्षी सप्टेंबरात नवी पोरं कॉलेजात यायची, त्यांना पहिल्यांदाच हे खेळणं मिळायचं, आणि ती धुडगूस घालायची. तेच तेच प्रश्न विचार, भलत्या ठिकाणी भलतंच लिही, भांड. जुनी मंडळी कपाळाला हात लावायची, पण महिन्याभरात त्यांना वळण लावायची. आपल्याकडे नवी सून आली की घरातल्या बायका नाही का सांगत, आमच्याकडे बाई असं चालतं. पण १९९३ पासून पुढे अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी घरोघरच्या गिऱ्हाइकांना ते दार उघडून दिलं. मग येणाऱ्यांची रांग वर्षभर संपेचना. वळण लावणारे मूठभर आणि येणारे लाखो. जुने लोक वैतागून म्हणू लागले, १९९३ चा सप्टेंबर काही संपला नाही बुवा.

मी ऐकतच राहिले. कारण आमचा जुलै २०२१ मधला पूर हाच आमचा सप्टेंबर होता!

वन्सं स्वतः जुन्या 'मायबोलीकर'. मायबोली ही परदेशातल्या मराठी माणसांनी १९९६ च्या गणेशोत्सवात सुरू केलेली जागा. वन्सं लग्न होऊन तिकडे गेल्या तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ, नवरा दिवसभर ऑफिसात आणि मराठीत बोलायला भिंती. त्या सांगतात, सुरुवातीला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, वाचताना दमायला व्हायचं, पण त्या गप्पांनी मला जगवलं. तिथल्या गप्पांच्या विभागाचं नावच 'हितगुज'. कुणी उकडीच्या मोदकाला तिकडचं कुठलं तांदळाचं पीठ चालतं ते विचारायचं, कुणी बाळंतपणाला आई येऊ शकत नाही म्हणून रडायचं, आणि हजार मैलांवरची अनोळखी बाई डिंकाच्या लाडवाची कृती लिहून द्यायची. एकमेकांच्या पानावर जाऊन केलेल्या विचारपुशीला म्हणायचे 'विपू'. प्रत्यक्ष भेटायचं ठरलं की ते 'गटग'. आपल्यासारखंच हो, चार बायका जमल्या की त्यांची आपली एक बोली तयार होते, बाहेरच्याला कळत नाही.

पुढे भारतातही घरोघर इंटरनेट आलं. देवनागरीत लिहिणं सोपं झालं. 'मनोगत' २००४ मध्ये सुरू झालं, तिथे शुद्धलेखनाचा मोठा आग्रह. मग २००७ मध्ये 'मिसळपाव' आलं, ते जरा मोकळंढाकळं, तिथल्या चर्चेच्या सदराचं नाव 'काथ्याकूट'! कुणी काहीबाही लिहून टाकलं तर 'जिलबी पाडली' म्हणायचे. एका ठिकाणचे नियम जाचायला लागले की मंडळी उठून दुसरीकडे चूल मांडायची. इकडे रुसलेला तिकडे, तिकडचा रुसवा पुन्हा इकडे. एकच माणूस दोन-तीन नावं घेऊन स्वतःच स्वतःची वाहवा करायचा, हेही. वन्सं म्हणाल्या, "दर दोन वर्षांनी कुणीतरी लिहायचंच की पूर्वीची मजा राहिली नाही. मी नवीन होते तेव्हाही लिहायचे. आणि मी जुनी झाल्यावर मीच लिहिलं!"

हे ऐकून मात्र मी जरा थबकले. कारण 'पूर्वीची मजा राहिली नाही' हे आमच्या पाचजणींच्या चोरट्या ग्रुपवरचं रोजचं वाक्य आहे. आणि पूर्वी म्हणजे सगळं सोन्याचंच होतं का? मला एक गोष्ट कबूल करायची आहे. २०१८ च्या जूनमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचा मेसेज सगळीकडे फिरत होता. आमच्या त्या छोट्या, मायेच्या, चौतीसजणींच्या ग्रुपवरही आला. तो मी पुढे सहा ठिकाणी पाठवला. 'काळजी घ्या गं' असं वर लिहून. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजारात सोलापूरकडून भिक्षा मागायला आलेल्या पाच गोसाव्यांना पोरं पळवणारे समजून लोकांनी ठार मारलं. माझा मेसेज काही राईनपाड्याला पोचला नसेल. पण तसाच कुणाच्या तरी काळजीचा पोचला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे आमच्यासारख्या शहाण्या बायकांना आवरायला कंपनीला कुलूप लावावं लागलं.

माझी लेक रत्नागिरीला शिकते. ती म्हणाली, "आई, तू उगाच ग्रुपच्या संख्येला दोष देतेस. असल्या प्रत्येक जागी लिहिणारे मोजकेच असतात." जेकब निल्सन नावाच्या अभ्यासकाने २००६ साली एक ढोबळ हिशेब मांडला होता म्हणे. शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊजण कधीमधी लिहितात आणि उरलेला एक सगळ्यात जास्त लिहितो. मी आठवडाभर आमच्या ग्रुपवर वही घेऊन बसले. (सासूबाईंना वाटलं मी हिशेब लिहितेय.) दोनशे अकराजणींपैकी लिहिलं एकोणीसजणींनी, आणि त्यातले निम्म्याहून जास्त मेसेज चौघींचे. म्हणजे आपण ज्याला 'ग्रुप बिघडला' म्हणतो तो चौघींचा आवाज असतो. बाकीच्या दोनशेजणींना काय वाटतं ते आपल्याला ठाऊकच नसतं. त्यांनाही आपण ठाऊक नसतो.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला झोंबली. वाढदिवसाच्या शुभेच्छा कुणाला किती मिळाल्या? जुन्या चौतीसातल्या बाईला पन्नास-साठ. नंतर आलेल्या बाईला चार, फार तर पाच. पूर नसता आला तर गोवळकोटची ती कोळंबी विकणारी बाई आणि मी एका ग्रुपवर कधी आलोच नसतो. आमच्या चौतीसजणी म्हणजे दोन आळ्या आणि साधारण एकाच पंक्तीला बसणारी घरं. तेव्हा आमच्यात भांडणं नव्हती याचं मोठं कौतुक आम्ही करतो, पण सगळ्या एकसारख्याच असल्यावर भांडणार कशावरून? आमच्या चोरट्या ग्रुपवर एकीने लिहिलं होतं, "हल्ली कुणीही येतं." मी त्यावर अंगठा दाखवला होता. त्या 'कुणीही'मध्ये ती बाळ घेतलेली मुलगी होती. तिचा मेसेज चौऱ्याण्णव मेसेजांखाली गाडला गेला हे खरंच. पण तो वाचलेल्या निदान पाच-सहाजणी असतील, त्यांनी 'कोण बाई ही, आपल्याला काय माहीत' म्हणून बोट पुढे सरकवलं नसेल, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. दहा बावन्नला मी तिचा मेसेज वाचला होता की नाही हे मला खरंच आठवत नाही. मी खूप आठवून बघितलं.

भाद्रपदात गौरी-गणपती झाल्यावर मी आमच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. येऊन येऊन एकतीसजणी आल्या. चहा आणि खोबऱ्याच्या वड्या. विषय काढल्यावर आधी सगळ्या गप्प, मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. एकीचं म्हणणं, ग्रुप बंदच करून टाका. दुसरी म्हणाली, बंद केलात तर मला पाण्याची वेळ कोण सांगणार? साड्यावाली म्हणाली, "ताई, माझं घर त्या सहा फोटोंवर चालतं, तुम्हाला कटकट वाटते." तिला काय उत्तर देणार? मला सुचलं नाही. नियमांची यादी करू या असंही कुणी म्हणालं. पण यादी याआधी दोनदा झाली होती. पहिल्या आठवड्यात पाळली जाते, मग नव्याची नवलाई संपते आणि अ‍ॅडमिन रोज ओरडणारी सासू होऊन बसते. आपण इतक्या दुपारी घालवतो त्या जागेवर तसा आपला काही हक्कही नसतो. ऑर्कुटवर किती मराठी मंडळं होती, २०१४ च्या सप्टेंबरात ते बंद झालं. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात बंद झाले. वन्संनी तिथे जपलेल्या त्यांच्या आईच्या मसाल्यांच्या कृती गेल्या त्या गेल्याच. मी हे सांगितल्यावर दोघीतिघींनी तिथल्या तिथे मोबाइल काढून काहीतरी कागदावर उतरवून घ्यायला सुरुवात केली.

शेवटी गोवळकोटच्या त्या बाईने तोडगा काढला. म्हणाली, "अवो, सगळ्या वाडीला एकच विहीर कशाला? ज्या त्या आळीची हवी." मग तसंच केलं. मोठा ग्रुप ठेवला, पण तो नुसता सूचनांसाठी, तिथे फक्त आम्ही अ‍ॅडमिनच लिहायचं. पाणी, वीज, पावसाचा इशारा, हरवलं-सापडलं. साड्या, मसाले, मासळी यांचा बाजार वेगळा. ज्यांना हवं त्या जातील, साड्यावाली तिथली अ‍ॅडमिन. आणि आळीआळीचे छोटे ग्रुप. तिशीच्या वर गेला की दुसरा काढायचा. अट एकच, ज्या बाईला आत घ्यायचं तिच्या घरी आधी कुणीतरी जाऊन यायचं. चहा नाही तर नुसतं पाणी प्यायला, पण जायचं. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये मर्यादा २५६ वरून आधी ५१२ आणि मग १०२४ केली. आम्ही उलट्या दिशेने निघालो.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. दोन आळ्यांचे ग्रुप महिन्यात थंडावले. एका ग्रुपवर मागच्याच आठवड्यात कचऱ्यावरून कडाक्याचं भांडण झालं. आमच्या पाचजणींच्या चोरट्या ग्रुपचं काय करायचं हेही ठरत नाही. तो मी सोडला तर चौघी रुसतील, आणि खरं सांगू, मलाही तो सोडवत नाही. मुलाबाळाच्या तपासणीचं लिहून गेलेली ती सून मात्र परत आली नाही. मी दोनदा तिच्या घरी जाऊन आले. चांगली बोलली, पोहे केले. ग्रुपचं नाव काढल्यावर म्हणाली, "नको काकू, तुम्ही येत जा ना."

सगळ्यात रागावल्या त्या आमच्या आळीतल्या थोरल्या काकू. वय वर्षं ७८. मोठ्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला गणपतीचा फोटो घालून 'शुभ प्रभात' टाकायचा त्यांचा नेम होता. तो आम्ही बंद पाडला. "माझं कसलं गं घोडं मारलं होतं तुमचं?" म्हणाल्या. चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी सकाळी पावणेसातला माझा फोन वाजला. "शुभ प्रभात," काकू म्हणाल्या आणि ठेवून दिला. तेव्हापासून रोज येतो. मला एकटीलाच नाही, आळीतल्या नऊजणींना त्या क्रमाने लावतात. दुधाच्या गडबडीत असले तरी मी उचलते.

काल ठेवता ठेवता म्हणाल्या, "अगं, कळलं का? त्या पोरीचं बाळ चालायला लागलं. ती गं, तापात चालत गेलेली."

मी आळीचा ग्रुप उघडून बघितला. तिथे काहीच नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं, काकू?"

"कसं म्हणजे? दुपारची येते ना ती माझ्याकडे. माझ्या ओसरीवरच चाललं."